लव्हाळ्यांची ओळखपरेड

पाणथळ जागी भल्या पहाटे जमणाऱ्या माणसांत एक उतरंड असते. सगळ्यात वर पक्षीवाले. गळ्यात दुर्बीण, अंगावर चिखलात मिसळून जातील अशा रंगाचे कपडे, आणि कॅमेऱ्याला अशी लेन्स की तिच्या किमतीत बरी दुचाकी आली असती. त्यांच्या खालोखाल फुलपाखरूवाले आणि चतुरवाले. हे उन्हं वर आल्याशिवाय येत नाहीत, कारण त्यांची गिऱ्हाइकंही तोवर उठलेली नसतात. मग फुलवाले. आणि अगदी तळाशी, म्हणजे खरोखरच तळाशी, गुडघे चिखलात रोवून आणि जगाकडे पाठ करून बसलेला एक गृहस्थ. तो काय बघतोय ते कुणाला दिसत नाही, आणि तो दाखवायला लागला की कुणी थांबत नाही. हा लव्हाळेवाला.

आमच्या ओळखीत असे एक सर आहेत. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना जास्वंद कापायला लावली, कारण जास्वंदीचं सगळंच मोठं असतं आणि शेवटच्या बाकावरूनही दिसतं. निवृत्तीनंतर त्यांनी, सूड म्हणून की काय, ज्यांचं काहीच दिसत नाही असा विषय घेतला: पाण्याच्या कडेनं उगवणारे लव्हाळे, मोथे आणि त्यांचा गोतावळा. त्यांच्यासमोर ह्या मंडळींना 'गवत' म्हणायचं नाही. म्हटलं तर सर रागावत नाहीत, समजावून सांगतात. रागावलेले परवडले असते.

निफाडजवळ गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथं नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. रामसरच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथं पक्षीवाल्यांची जत्रा असते. वारकरी पोहत असतात, जांभळी पाणकोंबडी पाणकणसांतून डौलात चालत असते, आणि पंचवीस-तीस कॅमेरे तिच्यावर रोखलेले असतात. सर तिथंही जातात. पक्षीवाल्यांचे फोटोही मन लावून बघतात. एकदा एकानं पाणकोंबडीचा अप्रतिम फोटो दाखवला. पंखांवरच्या निळ्या-जांभळ्या छटा, डोळ्यातली चमक, सगळं टिपलं होतं. सरांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून डावीकडच्या कोपऱ्यात नेला आणि हळहळून म्हणाले, "पक्षी जरा बाजूला घेता आला असता तर मागचा दांडा नीट दिसला असता."

तो पाणकणसाचा दांडा होता. पाणकणीस ही ह्या दुनियेतली त्यातल्या त्यात उदार मंडळी. लांबून ओळखू येतात, हस्तकलेच्या प्रदर्शनात सोनेरी रंग मारून विकायलाही असतात. त्यांच्यातही जाती आहेत, पण निदान भांडण उघड्यावर आहे. तपकिरी कणीस मादीचं, त्याच्या वर नराचा बारीक तुरा. रुंद पानांच्या जातीत दोघं एकमेकांना चिकटून असतात. अरुंद पानांच्यांत आणि आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्यांत दोघांच्या मधे बोटभर नुसती रिकामी दांडी. पराग उधळून झाला की नर गळून पडतो आणि मादी महिनोन्‌महिने तशीच ठाम उभी राहते. सर हे सगळं शास्त्रीय तटस्थतेनं सांगतात. सरांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, शेजारी असल्या तर त्या नुसतं "हं" म्हणतात.

खरी परीक्षा पाणकणसांच्या पायाशी सुरू होते. तिथं हिरव्या काड्यांचे झुबके असतात. काडी, तिच्या टोकाला किंवा टोकाच्या जरा खाली तपकिरी भुसा चिकटल्यागत काहीतरी, आणि बास. पाकळी नाही, रंग नाही, बऱ्याचदा पानसुद्धा नाही. सरांचा पहिला धडा मात्र सोपा. दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायचा. तीन कोन बोटांना लागत गेले की तो लव्हाळ्याच्या, म्हणजे सायपेरेसी कुळातला. गुळगुळीत फिरला आणि आत भेंड भरलेलं असलं की जुंकस. पेरं लागली आणि पेरांच्या मधे पोकळ निघाला की गवत. ऐकणाऱ्याला वाटतं, जमलं की. तेवढ्यात सर खाली वाकून दुसरी काडी उपटतात आणि हातात देतात. फिरवावी तर गोल. दाबावी तर आतले आडवे पडदे टक्‌टक्‌ फुटत जातात. पान नावाचा प्रकारच नाही.

"बोला," सर म्हणतात.

"जुंकस?"

"सायपेरेसी!" पराकोटीच्या आनंदानं सर म्हणतात. "एलिओकॅरिस. ह्याचेच कंद तुम्ही चायनीज हॉटेलात वॉटर चेस्टनट म्हणून खाता."

नियम सांगताना नसेल इतका उत्साह त्यांना अपवाद सांगताना येतो. फुलोरा दांड्याच्या बाजूला फुटलेला दिसतो, तोसुद्धा खरा बाजूला नसतोच. तो टोकालाच असतो. त्याच्याखालचं एक पान सरळ वर वाढून आपणच दांडा असल्याचा आव आणतं. ही लबाडी जुंकसही करतो आणि लव्हाळ्यांच्या कुळातला शूनोप्लेक्टसही, म्हणजे त्यावरून कुणालाच पकडता येत नाही. मग उरतं फूल. जुंकसच्या फुलाला रीतसर सहा दलं असतात आणि आत बोंड, बोंडात पुष्कळ बिया. लव्हाळ्याच्या फुलाला एक खवला आणि पोटात एकच दाणा. फरक स्पष्ट आहे, स्वच्छ आहे, निर्विवाद आहे आणि दोन-तीन मिलिमीटरचा आहे.

म्हणून भिंग. दहापट मोठं दाखवणारं छोटं घडीचं भिंग सरांच्या गळ्यात दोरीनं कायम लटकत असतं. ते वापरायची रीत अशी की भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू हळूहळू तोंडाजवळ आणायची. लांबून बघणाऱ्याला एक सुशिक्षित वृद्ध माणूस चिखलात बसून एकेक काडी हुंगतोय असं दिसतं. त्यामुळे थोड्या वेळानं एखादं पोर येतंच.

"काका, काय हरवलं?"

सर म्हणतात, "काही नाही रे, बघतोय."

पोराला हे पटत नाही. काही हरवल्याशिवाय माणूस एवढं खाली बघत नाही हा त्याचा अनुभव असतो. "किल्ली का?" तो विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता शोधायला लागतो. मग दुसरं येतं. मग म्हशी सोडून गुराखी येतो. दहा मिनिटांत चार जण सरांची किल्ली शोधत असतात, आणि ज्या झुबक्यासाठी सर पहाटे उठून आलेले असतात तो आठ पायांखाली सपाट झालेला असतो.

घरी आल्यावर पुस्तकं निघतात. मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची थिओडोर कुक ह्यांनी 1901 ते 1908 ह्या काळात हप्त्याहप्त्यानं छापली. सरांच्या टेबलावर ती कायम उघडी असते. अशा ग्रंथांत जात ओळखायची एक 'किल्ली' असते (पोरांचं अगदीच चुकत नाही म्हणायचं). ही किल्ली चालते सरकारी कचेरीच्या खिडक्यांप्रमाणे. दांडा तिधारी असेल तर 14 नंबरकडे जा. 14 म्हणतो, कुक्षी तीन असतील तर 15, दोन असतील तर 22. 22 विचारतो, दाणा बाजूनं चपटा की पुढून चपटा? ते ठरवून पुढे जावं तर 27 म्हणतो, मुळाशी कंद आहे का? आणि कंद तर आपण आणलेला नसतो, वरचा भाग तेवढा खुडून आणलेला असतो. सगळी कागदपत्रं घेऊन पुन्हा या. पुन्हा जावं, तर मधल्या काळात म्हशीनं तो प्रश्न कायमचा निकालात काढलेला असतो.

फिम्ब्रिस्टायलिस आणि बल्बोस्टायलिस ह्यांची गोष्ट तर सर जेवताना सांगतात, आणि जेवण थांबतं. दोघं दिसायला एक. दोघांच्याही दाण्याच्या डोक्यावर फुगीर बुडाचा कुक्षिवृंत असतो. दाणा पिकला की फिम्ब्रिस्टायलिसचा कुक्षिवृंत बुडासकट गळतो, बल्बोस्टायलिसचं बूड बारीक बोंडूक होऊन तिथंच राहतं. म्हणजे दाणा कच्चा असताना भांडण सुटत नाही, आणि पिकल्यावर तो जागेवर सापडत नाही. ह्या कुळाच्या सुमारे साडेपाच हजार जाती जगात आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांची ओळख अशाच कुठल्यातरी उरलेल्या किंवा न उरलेल्या कणावर अडलेली आहे.

हूकरसाहेबांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिसूचीत हे कुळ लिहिलं चार्ल्स बॅरन क्लार्क ह्यांनी. हा माणूस मुळात गणितज्ञ. केंब्रिजला गणित शिकवलं, बंगालात शाळाखात्यात नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात जाऊन 1906 साली मरेपर्यंत लव्हाळे तपासत राहिला. सरांना हे चरित्र फार आवडतं. "गणितवाल्यालाच हे जमणार," ते म्हणतात. काकूंचा प्रश्न वेगळाच: "त्यांचं लग्न झालं होतं का हो?"

मोबाइलवाल्या पिढीला वाटतं, फोटो काढला की काम झालं. सरांच्या भाच्यानं तो प्रयोग करून दाखवला. ओळखून देणाऱ्या अ‍ॅपला एलिओकॅरिसचा फोटो दिला. त्यानं क्षणभर विचार केला आणि 'कांद्याची पात' असं उत्तर दिलं. दुसऱ्या फोटोला नुसतंच 'वनस्पती'. सर म्हणाले, हे दुसरं उत्तर प्रामाणिक आहे. कासच्या पठारावरच्या गेंदांची तर ह्याहून वाईट गत. पांढऱ्या टिकल्यांचे गालिचे, लोक त्यात उभे राहून सेल्फी काढतात, आणि त्या टिकलीची नेमकी जात सांगायला तिचं बी सूक्ष्मदर्शकाखाली घालून सालीवरची नक्षी वाचावी लागते.

आणि मग बायाबापड्या. मावळात भाताच्या खाचरात बेणणी चालली होती. सर बांधावर बसून सायपेरस इरिया आणि सायपेरस डिफॉर्मिस ह्यांचे तुरे शेजारी शेजारी मांडून बघत होते. एकाचा पिवळट, मोकळा, हात पसरलेला. दुसऱ्याचे गच्च गोळे. बेणणाऱ्या एका आजींनी पाठ सरळ करायच्या निमित्तानं चौकशी केली.

"काय बघता एवढं?"

"आजी, ह्यातले प्रकार बघतोय. किती प्रकार असतील तुमच्या खाचरात?"

"दोनच." आजींनी क्षणभरही विचार केला नाही. "एक खाचरातला, एक बांधावरचा. खाचरातला ओढला का मुळासकट येतो. बांधावरचा येत न्हाई, तुटतो. आन आठ दिसांत पुन्हा हजर."

सरांनी वही काढून लिहून घेतलं. कारण आजी सांगत होत्या ते शास्त्राला धरूनच होतं. खाचरातले ते दोघंही एका हंगामाचे, तंतुमुळांचे. बांधावरचा सायपेरस रोटुंडस, खरा लव्हाळा, बारमाही, आणि त्याच्या खाली गाठींची माळ. वरून ओढावा तर माळेचा धागा तुटतो, गाठी जमिनीत राहतात आणि प्रत्येक गाठीला वाटतं आता आपली पाळी. नव्वदहून अधिक देशांत हा तण म्हणून ठाण मांडून आहे, आणि 1977 साली जगातल्या सगळ्यात वाईट तणांची जी जाडजूड मोजदाद प्रसिद्ध झाली तिच्यात ह्याचा पहिला नंबर आला. हराळी आणि कुंदा ह्यांच्याबरोबर शेतकरी त्याला शिव्या घालतो त्या उगीच नाहीत. आजींना इरिया आणि डिफॉर्मिस वेगळे सांगून काही मिळणार नव्हतं. दोन्ही येतात, विषय संपला. सरांनी तरी भिंग पुढं केलं. आजींनी डोळ्याला लावलं, तुऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोठ्ठं दिसतंय. काढाया तेवढंच लागंल."

सरांची मुलगी इंग्लंडात असते. निवृत्त आईवडिलांनी सहा महिने परदेशी मुलाबाळांकडे जाऊन राहणं हा आता सोळा संस्कारांनंतरचा सतरावा संस्कार आहे, तो सरांचाही झाला. काकूंना राणीचा राजवाडा बघायचा होता. मुलगी हौसेनं त्यांना लेक डिस्ट्रिक्टला घेऊन गेली. वर्ड्सवर्थचं गाव, तळी, डोंगर. सरांनी ग्रासमिअरच्या तळ्याकडे एकदा बघितलं, छान आहे म्हणाले, आणि शेजारच्या ओल्या कुरणात शिरले. कारण तिथं जुंकस होता. आपल्याकडे महाराष्ट्रात ही मंडळी तुरळक. तिथं कुरणंच्या कुरणं त्यांची. आयुष्यभर पुस्तकात पाहिलेला माणूस समोर बसलेला दिसावा आणि आपण घड्याळ बघावं, हे कसं जमणार?

तिथल्या लव्हाळेवाल्यांची दुखणी ऐकून सरांना फार बरं वाटलं. इफ्यूजस, कॉन्ग्लोमेरेटस आणि इन्फ्लेक्सस, तिन्ही जुंकस, तिन्ही गुडघ्याच्या वर, तिन्ही बिनपानांच्या हिरव्या काड्या, तिन्हींना बाजूला तपकिरी झुबका. इन्फ्लेक्सस निळसर राखाडी, दांड्यावर मोजता येतील अशा रेघा. नखानं उभा चिरला की आतलं भेंड सलग नसतं, मधे मधे हवेचे कप्पे, शिडीच्या पायऱ्या दिसतात. इफ्यूजस चकचकीत, गुळगुळीत, भेंड सलग. कॉन्ग्लोमेरेटस निस्तेज, आणि फुलोऱ्याच्या जरा खाली बोट फिरवलं की कंगोरे लागतात. फुलोरा गच्च गोळा. इथवर ठीक. पण इफ्यूजसचाही एक प्रकार गच्च गोळा करून बसतो, आणि फुलोरा बघून निघालेला माणूस तिथंच फसतो. शिवाय इफ्यूजस आणि इन्फ्लेक्सस ह्यांचा संकर होतो, त्याचं भेंड धड सलग नाही, धड तुटक नाही. त्याला वेगळं नाव आहे, डिफ्यूजस. अ‍ॅक्युटिफ्लोरस आणि आर्टिक्युलेटस ह्या दुसऱ्या जोडीचीही हीच कथा. दोघांच्या पानांत आडवे पडदे, पान चिमटीतून ओढलं की खटखट लागतात; एक ताठ, एक वाकडा, फुलाच्या दलांची टोकं एकाची लांब निमुळती नि बाहेर वळलेली, दुसऱ्याची तेवढी नाहीत; आणि दोघांच्या मधे संकरानं भरलेलं अख्खं कुरण.

पाऊस आला. काकू आणि मुलगी गाडीत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात होत्या. सर छत्रीखाली बसून नखानं काड्या चिरत होते. एक शेतकरी कुत्रा घेऊन कुंपणापलीकडून आला आणि बराच वेळ बघून अदबीनं काहीतरी बोलला. गाडीत आल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणत होता?"

"काय हरवलंय विचारत होता," सर म्हणाले.

ह्याच देशात एके काळी इफ्यूजस आणि इन्फ्लेक्सस ओळखणं हे गरिबांच्या पोटाशी निगडित काम होतं. सेलबर्नच्या गिल्बर्ट व्हाइट ह्या पाद्र्यानं 1789 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याचा चोख हिशेब ठेवलाय. जुंकसचे दांडे उन्हाळ्यात कापायचे, साल सोलायची, भेंडाला आधार म्हणून सालीची एक अरुंद पट्टी तेवढी ठेवायची, आणि वाळवून चरबीत बुडवायचे. झाली मेणबत्ती, तीही विकतच्याहून कितीतरी स्वस्त. व्हाइटनं घड्याळ लावून पाहिलं. दोन फूट साडेचार इंचांची एक काडी तासाला तीन मिनिटं कमी जळली. ह्या कामाला सलग भेंडाचाच दांडा हवा, शिडीवाला घेतला तर वात मधेच तुटणार. तेव्हा सेलबर्नच्या म्हाताऱ्या बायकांनी भिंगाशिवाय आणि लॅटिनशिवाय ही निवड पिढ्यान्‌पिढ्या बरोबर केली. सरांनी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पण आता वीज आहे."

सरांचं सगळ्यात जुनं दुखणं मात्र घरचंच आहे. पुरात टिकून राहणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला तुकोबांनी दिला, आणि तेव्हापासून तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक निरोप समारंभात ऐकू येतो. सरांच्या निरोप समारंभातही आला. मराठीच्या प्राध्यापकांनी नम्रतेचा महिमा रंगवून सांगितला, टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं. चहाच्या वेळी सरांनी त्यांना गाठलं.

"तुकोबांचा लव्हाळा नेमका कुठला हो?"

"कुठला म्हणजे? प्रतीक आहे ते. नम्रतेचं."

"नम्रता कळली. पण दांडा गोल की त्रिकोणी?"

प्रश्न वेडगळ नाही. शेताच्या बांधावरचा रोटुंडस नदीच्या धारेत उभा राहीलच असं नाही. पुरात तगायचं तर जमिनीत पसरलेलं घट्ट मूळखोड हवं, वाकेल पण मोडणार नाही असा दांडा हवा, आणि पाण्याला धरायला पानं जेवढी कमी तेवढं बरं. ह्या अटींत बसणारे उमेदवार नदीकाठी अनेक. सरांनी शेवटी इंद्रायणीच्या काठी प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं. गेले. नदीवर काठापासून काठापर्यंत जलपर्णी. दांडे शोधायला पाणी दिसायला तर हवं! जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, तुकोबांच्या काळात ती इथं नव्हती. त्यामुळे ह्या दौऱ्यातून सरांना एकच गोष्ट खात्रीनं सांगता आली, की तुकोबांनी पाहिलं ते हे नव्हे. मराठीच्या प्राध्यापकांना त्यांनी तसं कळवलंसुद्धा. उत्तर आलं नाही.

घरात ह्या विषयातल्या खऱ्या अधिकारी काकूच आहेत, पण हे सरांना सांगायची कुणाची हिंमत नाही. चतुर्थीला बाजारातून दूर्वांची जुडी येते. काकू टीव्हीवरची मालिका बघत, जुडीकडे ढुंकूनही न बघता ती सोडतात आणि निवडायला लागतात. दूर्वा ताटात, लव्हाळ्याचे कोंब जमिनीवर. जुडी बांधणाऱ्यानं भरतीला घातलेले असतात ते; कोवळेपणी दिसतात तसेच. सरांनी एकदा टाकलेल्या ढिगातला एकेक कोंब उचलून भिंगाखाली धरला. एकूण एक सायपेरस.

"कसं ओळखलंस?"

"हाताला लागतो की. दूर्वा चपटी लागते, हा टोकेरी लागतो. आणि बाजूला व्हा, मला दिसत नाहीये."

दिवाळीच्या आधी उटण्याचं सामान भरतं तेव्हाही तेच. आंबेहळद, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि नागरमोथा. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या त्या गाठी, ज्यांना आजी शिव्या घालतात त्याच. पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात तोच माल पुडीत बांधून मिळतो. आता आयुर्वेदाच्या ग्रंथांत मुस्ता एक नाही. भद्रमुस्ता आहे, नागरमुस्ता आहे, आणि बाजारात नागरमोथा म्हणून सायपेरस स्कॅरिओससच्याही गाठी येतात, त्यांचं तेल अत्तरवाले वापरतात. सर दुकानात उभं राहून हे सगळं सांगतात आणि विचारतात, "मग ह्यातला हा कुठला?" मागे रांग वाढलेली असते. दुकानदार गाठ फोडून पुढं करतो. "काका, वास घ्या. आला? मग नागरमोथा."

अलीकडे एका संध्याकाळी गेलो तर सरांनी जेवणाच्या टेबलावर वाळवलेले नमुने पसरले होते. जुन्या वर्तमानपत्रांत दाबून, कागदावर शिवून ठेवलेले. ते चिठ्ठ्या डकवत होते. झालं असं की गेल्या काही वर्षांत ह्या कुळाचे डीएनए तपासले गेले आणि घरोघरी वाटण्या नव्यानं झाल्या. काइलिंगा, पायक्रिअस ही वेगळी बिऱ्हाडं मोडून सगळ्यांना सायपेरसमध्ये घेतलं. लिनीअसनं 1753 साली स्कर्पस आर्टिक्युलेटस म्हणून नोंदवलेला दांडा मागेच शूनोप्लेक्टस आर्टिक्युलेटस झाला होता. 2003 साली शूनोप्लेक्टिएला नावाचं नवंच बिऱ्हाड निघालं आणि तो तिकडे गेला. नमुन्यावरचं जुनं नाव खोडायचं नसतं. त्याच्या खाली नवी चिठ्ठी लावायची, तारीख टाकायची. काही कागदांवर आता वनस्पती कमी आणि चिठ्ठ्या जास्त झाल्या होत्या. पानं मांडायला टेबलावर जागा नव्हती म्हणून काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"हे आता शेवटचं ना?" त्यांनी विचारलं.

"सध्यापुरतं," सर म्हणाले.

"उटण्यातल्याचंही बदललं?"

"सायपेरस रोटुंडसचं? नाही. 1753 पासून तेच आहे."

"मग तो शंभर ग्रॅम आणा. बाकीच्यांचं नक्की झालं की सांगा."